जंतूच्या अंगावरचं बोंड

सौ. रुखमास पुण्याहून आशीर्वाद.

ताप उतरला, जळजळही थोडीच उरली. प्रवासात लघवीला उतरावं लागू नये म्हणून मी जानेफळपासून पाणीच प्यायलो नाही, ते भोवलं; लघवीत जंतू झाले.

आपली अर्पिता असल्याच जंतूंवर संशोधन करते. तिने चित्र दाखवलं. जंतूच्या बाहेरच्या आवरणात रोवलेला प्रथिनाचा देठ, टोकाला बोंड. मला शाळेतली फुलांची कविता आठवली, म्हणायलाच लागलो.

"आबा, त्याच बोंडानं ते मूत्राशयाले चिकटतात! तुम्ही पाणी पेलं असतं, तर चिकटायच्या आधीच पुष्कळ वाहून गेले असते."

आपली कपाशी फुटली का?

सोमवारी तू निघशील. तुझीही तीच सवय. पाणी पी, बस थांबवायला सांग, लाजू नकोस. कितीही उशीर झाला तरी मी स्टँडवर बसलेला असेन.

तुझा नारायण