कडेला उभ्या पेशी

बिश्केक, ९ नोव्हेंबर

ओसकोन, बाळा,

आम्ही ठीक. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या का? तुझी वहिनी बुरुल रोज आठवण काढते. काराकोलला जाणाऱ्या बसवाल्याच्या हाती हे पत्र देतोय.

जूनमध्ये आईला जाऊन वर्ष झालं, त्या जेवणाला तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास, "दादा, ही मूळव्याध नाही, कॅन्सर आहे. हे सगळे तुझ्यापासून लपवतायत." आपल्याकडे रोग्याला कोणी असं तोंडावर सांगतं का? मी बोकड सोलत होतो. सुरा हातातून टाकला, एवढे देवाचे उपकार. मग तुझं डोकं ओट्यावर आपटलं, दोनदा. पडलास तरी बरगड्यांत लाथा घालत राहिलो. कानातून रक्त आलं तरी पाय थांबेना. चाळीस माणसं कडेला उभी राहून बघत होती. एकानंही मला धरलं नाही.

पण शेवटी इथे उपचाराला आलो. डॉक्टर राइकूलबाई भारी तापट. काल त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. उपचाराआधी माझ्या गाठीतून काढलेल्या तुकड्यात गाठ माजलेली, आणि शरीराच्या लढाऊ पेशी तिच्याभोवती नुसत्या उभ्या. मला आपलं अंगणच दिसलं. पाच आठवडे रेडिएशन झालं. नंतरच्या तुकड्यात त्याच पेशी आत घुसून गाठीचे लचके तोडत होत्या. मी जन्माचा खाटीक, पण अशी कत्तल पाहिली नव्हती. छाती फुगली माझी.

"हुरळू नका," बाई म्हणाल्या. "एका कोपऱ्यात अजून कोणी शिरलेलं नाही. तो कापावाच लागेल."

आता खरं सांगतो. मला आधीच ठाऊक होतं. वर्षभर रक्त पडत होतं, मी कपडे गुपचूप चुलीत जाळत होतो. भीतीनं गाळण उडाली होती माझी, आणि ती तू चारचौघांत उघडी केलीस. म्हणून मारलं. तुझी काहीच चूक नव्हती रे.

शस्त्रक्रिया सोळा तारखेला. नात्यातल्या कुणीतरी रक्त द्यावं लागतं. बुरुल अशक्त, तिचं घेतलं नाही. बाईंनी विचारलं, "भाऊ आहे?" मी तुझं नाव लिहिलं.

"येईल ना?"

मी म्हणालो, येईल.

तुला न विचारता बोललो. रक्त द्यायचं नसेल तर नको देऊस. माझं थोबाड फोडायचं असेल तर फोड, मी हात वर करणार नाही. पण ये.

तुझा कान फोडणारा,
शारशेन