कुरड्यांच्या प्रश्नावर मुका झालेला फोन

ती. सौ. सिंधूताईस,

धाकट्या गणपतचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे यंदा कागदावरच घालतो आहे.) भाऊजींची साखर आणि तुझा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. पत्र लिहितोय, कारण 'यवतमाळले या घरातून कोणी फोन करायचा नाही' असा कौशल्याचा हुकूम आहे आणि माझा मोबाइल ती रोज तपासते. (तुझा पत्ताही तिच्याच वहीत आहे. तो कसा मिळवायचा ते बघतो.)

तुला ठाऊकच आहे, मोबाइलनं तुम्हा दोघींचे कान तापतात. म्हणून रोज दुपारी एकला ती घरच्या फोनवरून तुला लावायची, माझ्या दिवाणाशेजारी उभी राहून, आणि तुझ्या सुनेचं सगळं चरित्र मला झोपेत पाठ झालं. शेवटी बिनवायरचा कॉर्डलेस फोन घ्यायला इतवारीच्या बाजारात गेलो. दुकानदार मोठा चौकस. "काकाजी, आधी सवयी सांगा. बोलतं कोण? किती वेळ? बसून का फिरून?" म्हटलं, बायको बोलते, बहीण ऐकते, मग उलट. डाळ भिजत घालून फोन लावला तर ठेवेपर्यंत ती वाटायला होते. त्यानं दहा तास चालणारा, गच्चीपर्यंत पोचणारा फोन दिला. दोन दिवस मी स्वर्गात होतो.

तिसऱ्या दिवशी जिन्यातून तिनं तुला विचारलं, "ताई, कशा झाल्या माह्या कुरड्या?" आणि फोन मुका झाला. यंत्राचं काय सांगावं! पण तिचं म्हणणं, तू फोन आदळलास. "मी काहून करू? कुरड्या आवडल्या असतीन तर त्या करतीन." तुलाही तिनंच कापला असं वाटलं असणार.

अबोल्याचा आज अकरावा दिवस. तुझ्या वाटणीचं सगळं आता ती मला सांगते, आणि नुसतं हूं चालत नाही, उत्तरं द्यावी लागतात. संध्याकाळी मात्र फोन पदरानं पुसते आणि वाजेल म्हणून त्याच्याकडे बघत बसते. मला ते बघवत नाही, ताई. तू मोठी आहेस, तूच फोन कर.

तुझा,
गणपत

ता. क. : खरं सांगतो. तो फोन ज्यावर ठेवतात त्या बुडाला वीज लागते, नाहीतर फोन बंद पडतो, आणि दिवाणामागे प्लग एकच आहे. दुपारी एकला बाहेर सेहेचाळीस डिग्री, म्हणून मी बुडाची वायर काढून कूलर लावला. दुकानदारानं तुमच्या सवयी विचारल्या, माझी विचारलीच नाही.

आणखी एक : हे कौशल्याला सांगू नकोस. तुमच्याकडचा फोन बिघडला होता म्हण. आणि लावशील तो सहानंतर लाव, दुपारी कूलर रोजच असतो.

ताई, नमस्कार. पत्ता घालायले पाकीट माह्याच हाती आलं, अन् ते उघडं होतं. तुम्ही रोज एक वाजता लावून राहिल्या असान, अन् इकडे बूड बंद! कूलरची वायर आता माह्या पेटीत आहे. उद्या एकले लावा. मी दिवाणाजवळच उभी राहून बोलीन. कुरड्यायचं खरं सांगा. — कौशल्या