रस्त्यातलं घर

१४ मार्च १९३८, सोमवार

सगळे जिवंत आहेत! अक्षर वाकडं येतं, पण आधी हे लिहिते — सगळे जिवंत आहेत.

नुकतं उजाडत होतं. मी विहिरीवर. दोर हातातून सुटला, बादली आपटली आणि खाली पाणी उसळ्या मारायला लागलं. जमीन सुपासारखी हलली. मग गावाकडून मोठा आवाज आणि धूळ. एवढी धूळ की गावच दिसेना.

माणसं म्हाताऱ्या-लेकरांना घेऊन पहाटेच हरभरा काढायला गेली होती, बाया पाण्याला. म्हणून वाचलो. मातीची घरं, वर मातीचंच सपाट जड धाबं, एकामागं एक बसली. उभं राहिलं ते आमचं एकट्याचं. ढेकूळसुद्धा पडलं नाही.

गोमतीबाई तेवढी अडकली. आमच्या मागच्या बोळातली, जगदेवची बायको. दोन्हीकडच्या भिंती बोळात पडल्या. तो बोळ असा की दोघी घागरी घेऊन समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरायचं. एका वेळी एकच माणूस माती उपसू शके. बाकीचे मागं उभे, हातात टोपली, नुसते तडफडत. ती आतून ओरडायची, "जित्ती हाय मी! थांबू नका!" दुपारी काढली. उजवा पाय चेंदला होता. बाजेवर घातली तर बाज बोळातून निघेना. गाडी पार वेशीबाहेर. यांनी आणि जगदेवनं तिला खांद्यावर घेतलं.

१५ मार्च

गोमतीबाईला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. गाव सगळं आमच्या खळ्यात.

१७ मार्च

होळी झाली. लाकूड जिकडेतिकडे पडलेलं — दारं, खांब, चौकटी. पण म्हातारी माणसं म्हणाली, कोणाच्या घराचं एक चिपाड होळीत जायचं नाही. फक्त गोवऱ्या पेटवल्या. लहानशीच होळी. तरी पोरांनी बोंबा मारल्याच! ऐकून इतकं बरं वाटलं.

२५ मार्च

लेकुरवाळ्या बाया आमच्या घरात निजतात. घर भरून गेलंय. यांचे वडील, मामाजी, दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "ह्या भिंती म्या अन् रामकिसनच्या मायनं उचलल्या. तिनं माती तुडवली, म्या रचली. दौलतरावाचं घर हाय, असं पडत नसते." स्वतःचं नाव असं छाती फुगवून घेतात, आणि लोकही मान डोलावतात. सासूबाई असत्या तर हसल्या असत्या.

मी मात्र आत निजत नाही. गोठ्यात जाते. म्हशीला बघायचं म्हणून सांगते. कोणाला खरं सांगितलेलं नाही.

९ एप्रिल

आज तहसिलीतून बांधकामाचे ओव्हरसियर साहेब आले. आमराईत सगळं गाव जमलं. बायाही मागं बसल्या — पूर्वी कोणी बसू दिलं नसतं, पण आता उघड्यावरच राहतो, कुठं लपायचं!

साहेब म्हणाले, जिथं पडली तिथंच घरं बांधाल तर पुढल्या वेळी तेच होईल. बोळ नकोत. वेशीपासून विहिरीपर्यंत एक सरळ रस्ता, दोन बैलगाड्या एकमेकींना ओलांडतील एवढा. दोन्हीकडं घरं. लोक खूष. जगदेव उभा राहून म्हणाला, "मंजूर हाय!"

मग दोरी धरून खुंट्या ठोकत निघाले. मी डोक्यावर पदर ओढून मागं मागं. पडलेल्या घरांवरून दोरी जात होती तोवर काही वाटलं नाही. एक खुंटी आमच्या ओट्यात आली.

मामाजींनी खुंटी उपटली आणि फेकून दिली.

"पडलेल्या घरातून न्या तुमचा रस्ता. उभं घर पाडता? काहून?"

१० एप्रिल

मामाजी दिवसभर ओट्यावर, खुंटीच्या भोकावर पाय ठेवून बसलेले.

१४ एप्रिल

रस्ता वळवता येतो का, यांनी विचारून पाहिलं. येतो. पण मग गावकुसाबाहेरच्या देवलाचं आणि त्याच्या ओळीतली घरं नाल्याच्या काठाला ढकलली जातात. पावसात नाला कुठवर चढतो ते सगळ्यांना माहीत आहे. देवलाची बायको म्हणाली, "आमी तं नेहमीचेच काठावर." मला वर बघवेना.

हे मामाजींना म्हणाले, "बाबा, दुसरं बांधू. माह्या हातात जोर हाय."

"घराले जोर लागत नाही रामकिसन. घराले माणूस लागते. थे माणूस गेलं."

सासूबाईंबद्दल बोलत होते. मला दोघांचीही दया आली.

२१ एप्रिल

लोक आता आमच्या दारावरून जाताना खाली बघतात. अजून कोणी घर उभं करायला घेतलं नाही — रस्ता ठरल्याशिवाय पाया कुठं खणायचा? मृग आला तर सगळं गाव चिखलात. आणि ते आमच्यामुळे! तोंडावर मात्र कोणी बोलत नाही. त्यांची लेकरं आमच्या छपराखाली निजतात ना. हे जास्त टोचतं.

२ मे

गोमतीबाई आली! जगदेवनं गाडीतून आणली. कुबडी घेऊन उतरली. उजवा पाय गुडघ्याखाली नाही.

खळ्यातल्या आपल्या कापडी पालात न जाता आधी आमच्या ओट्यापाशी आली. मामाजींनी बाज पुढं केली. ती बसली नाही.

"काकाजी, गाव सांगून राह्यलं का तुमचं घर रस्त्यात येते."

"गाव काय बी सांगते."

"मी तुमचं घर मागाले नाही आली. तुमच्या घरानं माह्या लेकरायले निवारा देल्ला. मी फक्त इचाराले आली, नव्या गावात माह्या दारी गाडी येईन का नाही? तेवढं सांगा. दवाखान्यात डाक्टर म्हणे, लवकर आणलं असतं तं पाय राहाला असता."

मामाजींनी बाज आणखी तिच्याजवळ सरकवली.

"तुमचं घर उभं हाय, देवाची किरपा. मले उभं राहाता येत नाही, काकाजी."

रागानं नाही बोलली. अगदी हळू. मग कुबडी सावरत वळली. मी धावत गेले, हात दिला. तिचा हात गरम होता, जोर लावून धरला तिनं.

३ मे

आज मामाजींनी मला हाक मारली. मी भाकरी टाकत होते. एरवी काही हवं असलं तर यांच्यामार्फत सांगतात.

"प्रयाग, तू घरात काहून निजत नाही?"

मी म्हटलं, म्हैस —

"म्हैस राहू दे. खरं सांग."

तव्यावरची भाकर जळली. मी म्हटलं, "भेव लागते मामाजी."

"कायचं भेव? उभं हाय ना घर!"

काय झालं मला कोण जाणे. आजवर त्यांच्यापुढं एवढं बोलले नव्हते. म्हणाले, "ज्यायचं पडलं, त्यायचं भेव सरलं मामाजी. आपलं अजून पडाचं राह्यलं. रोज वाटते, आज पडते का उद्या."

वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. जळकी भाकर उचलून घेतली आणि तीच खाल्ली.

६ मे

खुंटी परत लागली!

मामाजींनी स्वतः. सकाळी उठून कुऱ्हाडीचा दांडा घेतला, ओट्यापाशी उकिडवे बसले. "इथंच होती ना?" जगदेव पळत आला. तो काही बोलायच्या आत मामाजी म्हणाले, "रस्ता वाकडा नको करू. अन् देवलाची ओळ वर घे, नाल्यापासून दूर." एवढं बोलून शेताकडं चालते झाले. डोळे पुसले की घाम, कळलं नाही.

यांनी माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी हसले! छातीवरचं जातं कोणी उचलून नेल्यासारखं वाटलं.

१३ मे

जागा वाटल्या. आमची गोमतीबाईच्या समोर, मध्ये तो रुंद रस्ता. ती म्हणते, तिकडून भाजी मागायची तर ओरडावं लागेल. म्हटलं, ओरडायची तुला सवय आहे! दोघी हसून हसून लोळलो.

काल रात्री गोठ्यात नाही, उघड्या अंगणात निजले. गाढ!

१९ मे

बायांनी लेकरं आणि बोचकी आमराईत हलवली. आम्हीही निघालो. उद्यापासून घर उतरवायचं. सगळं गाव येणार आहे. देवलाही येणार — आजवर ओट्याखालीच उभा राहायचा — आणि त्याला चौकटीतून आत बोलवा असं मामाजींनीच सांगितलं.

पण स्वतः राहणार नाहीत. "मले पाहाले लावू नका," म्हणाले. म्हैस घेऊन शेतावर गेले.

२१ मे

धाब्याची माती निघाली, तुळया उघड्या पडल्या. मधल्या मोठ्या तुळईवर यांनी कुऱ्हाड टेकवली — मारली नाही, नुसती टेकवली. पातं आत गेलं. मग हात घातला. कोपरापर्यंत गेला! वरून सागवान, आत नुसती वाळवी आणि माती. बाजूच्या दोन्हींचंही तेच.

सगळे धाब्यावरून खाली उतरले. लेकुरवाळ्या बाया बरोबर त्या तुळयांखाली निजत होत्या. एक मोठा पाऊस पडून धाबं भिजलं असतं की —

मामाजींना बोलावलं. त्यांनीही हात घातला. बाहेर काढून मुठीतली माती बघितली. मग तसेच, मूठ मिटून, गोमतीबाईच्या पालाकडं गेले आणि सगळ्या गावासमोर तिच्यापुढं मातीत बसले. म्हणाले, "पोरी, तू आली नसती, तं तुही लेकरं ह्याच्याखालीच राह्यली असती."