भिंतीपलीकडचा प्रिंटर

९ फेब्रु., सोम.
साडीच्या काठाचं डिझाइन सकाळी पुरं झालं, चौकटी-चौकटीत. निपाणीच्या दुकानदाराला पायजे तसंच, रुईफुलाचा काठ आणि पदराला कोयरी. खुशीत प्रिंट दाबलं. भिंतीपलीकडनं आवाजच न्हाय. परत दाबलं, परत दाबलं. लॅपटॉप म्हणतोय, प्रिंटर ऑफलाइन. काल संध्याकाळी करंट गेलता, तवापासनंच असणार.

हे आणि अण्णा, थोरले दीर, जरी आणायला सुरतेला गेलेत. पुढच्या मंगळवारपर्यंत येत न्हाईत. म्हंजे घरात आम्ही दोघी जावाच. पुढच्या भागात आक्का, मागच्या भागात मी, मधी नवी भिंत. आणि प्रिंटर त्यांच्याकडं.

वाटणी झाली तवा अण्णा म्हणालते, "वायर पुढनं येती, राउटर पुढंच राहणार. प्रिंटर त्याच्या ढुंगणाला जोडलाय, तोबी हितंच असू दे. तुला काय, हवेतनं जातंय की." जातंय खरं. पण छापलेला कागद काय हवेतनं परत येत न्हाय. आक्का तो मागच्या सामाईक नळाच्या कट्ट्यावर आणून ठेवतात, उडू नये म्हणून वर सूत गुंडाळायची मागाची एक कांडी. ठेवतात आणि आत जातात. दसऱ्यापासनं माझ्याशी एक शब्द बोललेल्या न्हाईत.

१० फेब्रु., मंगळ.
लॅपटॉप बंद-चालू. वायफाय तोडून जोडलं. ते चालतंय, व्हिडिओ दिसतात, फोन लागतो. फक्त प्रिंटर न्हाय. मग प्रिंटरच लॅपटॉपमधनं काढून टाकला आणि नव्यानं घातला. आता यादीत दोन-दोन दिसतात, एक जुना, गेलाच न्हाय तो, आणि एक ‘कॉपी वन’. दोन्ही मेलेले.

पेनड्राइव्ह घेऊन टिळकवाडीला गेलते, मोठे कागद छापणाऱ्या दुकानात. पोरानं कागदावर मावावं म्हणून सगळं बारीक करून छापलं. कल्लाप्पा म्हंजे आमचे जेकार्डचे पत्ते, मागावर नक्षी उठवणारे भोकांचे पुठ्ठे, पंच करणारे, त्यांनी कागद डोळ्यांशी नेला आणि परत दिला. "ह्या चौकटी मोजायला लागलो तर मी आंधळा हुईन, वैनी. तुमच्या मशिनवरचाच आणा. शुक्रवारपर्यंत आणा, न्हायतर मी दुसऱ्याचं काम धरतो." माग मोकळा उभा हाय. बघवत न्हाय.

मला वाटतंय आक्कांनी मागची वायरच काढून ठेवली असणार. मुद्दाम. हे असते तर अण्णांना विचारलं असतं. मी जाऊन विचारू? मेले तरी न्हाय.

दुपारी सायलीचा फोन. आक्कांची मुलगी, धारवाडला असते. आधी नुसतीच हसत बसली, मग म्हणाली, "काकू, मला दिवस गेलेत. चौथा लागला." मी खुर्चीतनं उठलेच. मग लगेच म्हणाली, "आईला सांगू नकोस हां. रविवारी शिवरात्रीला येणार हाय मी, तोंडानं सांगणार. तुला माझी शप्पथ."
म्हटलं, मग मला तरी कशाला सांगितलंस?
म्हणाली, "कुणाला तरी सांगायचं होतं की गं."

झालं. परत तेच.

११ फेब्रु., बुध.
झोप न्हाय. प्रिंटरपायी का सायलीपायी, ठावं न्हाय.

गेल्या वर्षी सायलीनं ऑफिसातल्या पोराशी लग्न ठरवलं, ते पैल्यांदा मला सांगितलं. तवाबी शप्पथ घातलती. आक्कांना कळलं ते सगळं ठरल्यावर. पोरगा चांगला हाय, आक्काबी जावई म्हणून त्याला मान देतात. त्यांचा राग पोरावर न्हायच. मला म्हणाल्या, "एका चुलीवर जेवलो, आणि माझ्या लेकीचं मला शेवटाला कळलं. तू रोज माझ्या तोंडाकडं बघत हुतीस." बघतच हुते. मग चूल वेगळी झाली, मग भिंत.

आणि आता परत माझ्याकडंच.

राउटरच्या कंपनीला फोन लावला. हुबळीकडचा वाटला, निम्मं हिंदी निम्मं कन्नड, ‘करा’ला ‘माडी’. "मेडम, पैले दोनो ऑफ माडी. फिर राउटर ऑन माडी. लाइट स्टेबल होने के बाद प्रिंटर ऑन माडी." करंट आल्यावर प्रिंटर आधी जागा झाला आणि राउटर मागनं, म्हणून राउटरला तो दिसतच न्हाय, असं म्हणाला. सोपं काम हाय म्हणे. मग विचारलं, "प्रिंटर आपके सामने है ना?"
म्हटलं, भिंतीपलीकडं हाय.
"तो उधर जाइए ना, मेडम."
काय सांगू ह्याला.

म्हंजे वायर कुणी काढली न्हाय. कालचं लिहिलेलं खोडत न्हाय, पण चुकलं.

तरी एकदा बघावं म्हणून टेस्ट पान पाठवत बसले. १ २ ३, अ आ इ. काय न्हाय. जुन्या नावाला पाठवलं. नव्या नावाला पाठवलं, ते घेतलंच न्हाय. काय न्हाय. मग हात चालले तसं टाइप केलं:

"आक्का, ऐका. तुमच्या सायलीला दिवस गेलेत. तिनं मला सांगितलं, तुम्हाला न्हाय. मी विचारायला गेले नव्हते. मला ह्याचं ओझं झालंय. प्रिंटर बंद हाय म्हणून लिहितेय, चालू असता तर लिहिलं नसतं."

प्रिंट दाबलं. ऑफलाइन. लई बरं वाटलं. पोटातलं निघाल्यासारखं. मग पान सेव्ह न करता बंद केलं आणि भाकरी टाकायला गेले.

१२ फेब्रु., गुरु.
सकाळपासनं झालं ते ओळीनं लिहिते.

सकाळी नळावर आक्का भांडी घासत हुत्या. मनी कट्ट्यावर बसलेली. मनी कुणाचीच न्हाय, दोन्हीकडं दूध पिते. आम्हाला काय अगदीच बोलायची वेळ आली तर मनीला सांगतो. टाकीत पाणी न्हाय, गॅसवाला येऊन गेला, असलं. तर म्हटलं, "मने, प्रिंटर आणि राउटर दोन्ही बंद करून, आधी राउटर चालू करावा आणि दिवे थांबले की प्रिंटर, असं फोनवाला म्हणतोय. कल्लाप्पा उद्यापर्यंतच थांबणार हाय."

आक्का भांडी घासतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मने, मी त्या मशिनला हातबी लावला न्हाय हां. काल-परवा कुणीतरी भिंतीकडं बघून कायबाय पुटपुटत हुतं, ऐकू येतंय."
खरंच पुटपुटलेते.

भांडी घेऊन त्या आत गेल्या. मी लॅपटॉपपुढं येऊन बसले. वायफाय गेलं. आलं. मग जरा वेळ काय न्हाय. आणि मग पलीकडनं प्रिंटर उठल्याचा तो घरघर आवाज. मला हसू आलं. आक्कांनी एका दमात बरोबर केलं. ‘कॉपी वन’ उघडून बघितलं, तितं काय अडकलेलं न्हाय. ‘रेडी’ लिहिलेलं.

मी डिझाइन पाठवायच्या आधीच प्रिंटर छापायला लागला.

एक कागद. वाटलं, सोमवारचं डिझाइन असणार, बरं झालं. मग दुसरा. व्हय, परत परत दाबलतं. तिसरा. मी तशीच बसून ऐकत हुते. चौथा आणि पाचवा लगेच निघाले, हलके, मजकूर थोडा असला की निघतात तसे. १ २ ३, अ आ इ. आणि मग मला कळलं.

जुन्या नावाची रांग उघडली. सगळं तितंच साठलेलं. शेवटचं ते. त्यावर रद्द दाबलं. ‘काढत आहे’ म्हणालं आणि काढतच बसलं. वायफाय बंद केलं. लॅपटॉपची वायर उपटली, बॅटरीवर चालतोय हे डोक्यातच न्हाय. पलीकडं अजून एक कागद निघाला. मग शांत.

मी भिंतीला कान लावून उभी राहिले. कागद उचलल्याचा आवाज येत न्हाय भिंतीतनं. काहीच येत न्हाय. मग त्यांची खुर्ची सरकली.

दिवसभर मागच्या दारात गेले न्हाय. पाणी घरातलंच वापरलं.

१३ फेब्रु., शुक्र.
कट्ट्यावर कागद. वर कांडी. डिझाइनच्या तिन्ही प्रती, नीट एकावर एक. १ २ ३ चं पान. अ आ इ चं पान. ते पान न्हाय.
खाली बघितलं, नळाच्या मागं बघितलं. वारा न्हायच. मनीला उठवून तिच्याखाली बघितलं.
छापलंच नसेल, असं एकदा वाटलं. मग रांग उघडली. मोकळी.

कल्लाप्पांनी चौकटी बघितल्या आणि "आता कसं" म्हणाले. उद्यापासनं पत्ते पंच करतात. मला आनंद झाला पायजे हुता. रिक्षात बसले आणि कॅम्पातनं येताना सगळ्या वाटंत एकच डोक्यात, की आक्का आता सायलीला फोन करणार, आणि सायली मला.

फोन वाजला न्हाय. कुणाचाच. हे सुरतेहनं बोलले, प्रिंटर झाला का? झाला म्हटलं.

आक्का मनीशीबी बोलल्या न्हाईत.

१४ फेब्रु., शनि.
सकाळी कट्ट्यावर एकच कागद, वर कांडी. लांबनंच कळलं कुठला ते.

घडी घातलेली, चारदा उघडलेली-मिटलेली दिसत हुती. एका कोपऱ्याला हळद लागलेली. माझ्या मजकुराच्या खाली पेन्सिलीनं, आक्कांच्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरात:

"कितवा?"

बस्स. दुसरं काय न्हाय. शिवी न्हाय, ‘तू परत लपवलंस’ असंबी न्हाय.

आईनं आईसारखं विचारलंय. उत्तर एका शब्दाचं. आणि तो शब्द माझा न्हाय, सायलीचा हाय. उद्या येऊन ती तोंडानं सांगणार, आईचं तोंड बघणार. इतके दिवस जपलंय तिनं त्यासाठी. मी सांगितलं तर तिच्या हातचं काढून घेतलं. आणि न सांगितलं तर आक्का परत तितंच उभ्या, लेकीचं सगळं जावेला ठावं आणि आपल्याला न्हाय, तेबी विचारून.

सायलीला फोन लावला, खरं सांगून टाकावं म्हणून. "काकू, आईला आवडतो म्हणून कुंदा घेतला," असं म्हणाली, बेळगावला येताना धारवाडहनं कुंदा. म्हटलं, अगं कुंदा बेळगावची मिठाई, इथनं नेतात तो. ती हसत सुटली. "डोकंच चालत न्हाय गं माझं." मला सांगवलं न्हाय. कशी सांगू, मशिन बंद हाय समजून छापलं म्हणून?

दुपारी नळावर गेले. आक्का हुत्या. मी मनीकडं बघितलं आणि नुसतीच बादली भरत राहिले. आक्का म्हणाल्या, "मने, घाई न्हाय. मी थांबलेय." भांडी केव्हाच घासून झालेली, तरी तितंच बसून राहिल्या. शेवटी मीच आत आले. लाज वाटली.

१५ फेब्रु., रवि., शिवरात्र.
सायलीचा मेसेज, "बस कित्तूरला आली. आधी तुझ्याकडं येते, जरा धीर दे, मग आईकडं." आधी माझ्याकडं. वाचून डोकंच धरलं. लिहिलं, थेट आईकडं जा, माझ्याकडं येऊ नको. तिनं विचारलं, "का? चिडलीस?" न्हाय म्हटलं. पुढचं काय लिहू?

सकाळपासनं लॅपटॉप उघडून बसलेय. एक पान टाइप केलंय. वर "चौथा." खाली "पण आक्का, ती सांगेल तवा पैल्यांदाच ऐकल्यासारखं ऐका. तिनं लई दिवस जपलंय. तुम्हाला सांगायचं म्हणूनच जपलंय." दुसरी ओळ तीनदा खोडून लिहिली. मी कोण सांगणारी, त्यांनी कसं ऐकावं ते.

प्रिंट दाबलेलं न्हाय. दाबलं तर शप्पथ मोडते. एकदा चुकून मोडली, ती वेगळी. ही बोट उचलून मोडायची.

डिझाइन देऊन झालं. आता आठवडाभर माझं छापायचं काय न्हाय, आणि हे आक्कांना ठावं हाय. कामाशिवाय त्या प्रिंटर कधी चालू ठेवत न्हाईत, बिलाची काळजी.

आत्ता पलीकडं बटणाचा आवाज झाला. मग घरघर. मग शांत झाला.

स्क्रीनवर ‘रेडी’ आलंय.