ब्लेसीच्या लग्नाला माझी हरकत

ब्लेसी,

रविवारी तू चर्चला आली नव्हतीस. मिस्सेत फादरांनी तुझ्या लग्नाची तीनपैकी दुसरी घोषणा वाचली. "कुणाची हरकत असल्यास कळवावी," म्हणाले, आणि मी ताडकन उभा राहून ओरडलो, "आहे!" हरकत नंतर ऑफिसात जाऊन सांगायची असते, हे मला कुठे ठाऊक! कॉलेजही मी असंच भर वर्गातून उठून सोडलं होतं.

फादरांनी मला समुपदेशनासाठी सिस्टर लिडियांकडे धाडलं.

"बाळा, देव आयुष्यात ऋतू पाठवतो. तुझी आता पानगळ चालू आहे."

"सिस्टर, मीरा रोडला पानगळ नसते. उकाडा असतो, नाहीतर पाणी तुंबतं."

"मग तुंबलंय असं समज. देव ओसरवेल. पण तुझी हरकत काय?"

"माझं प्रेम आहे तिच्यावर."

"तिला माहितीये?"

चार वर्षं दर रविवारी तुझ्या मागच्या बाकावर बसतोय, अख्ख्या चर्चला ओरडून सांगितलं, पण तुला कधीच नाही.

"प्रार्थना कर," सिस्टर म्हणाल्या, "आणि तिला सगळं लिही. पाठवू मात्र नकोस."

म्हणून हे लिहितोय. येत्या रविवारी तिसरी घोषणा. मम्मी म्हणते, घरीच बस, शोभा केलीस तेवढी पुरे. पण मी येणार. फादर हरकतीचं विचारतील तेव्हा सगळं चर्च वळून माझ्याकडे बघेल. चार वर्षांत पहिल्यांदाच तूही बघशील. तेवढ्यासाठी मी गप्प बसून राहीन.

हरकत मागे घेतलेला,
ग्रेगरी