न चाखता केलेलं थराचं

१२ एप्रिल, शनिवार

अत्यंत खेदाने नमूद करावं लागतं की या घरातल्या फ्रीजमध्ये एक काचेचं भांडं ठेवायला जागा नाही! आत पाण्याच्या अकरा बाटल्या — सगळ्या शेखरच्या. नवरा एक, घसा एक, बाटल्या अकरा. एका डब्यात मागच्या वर्षीचं मेथीचं बी. फ्रीजमध्ये का? तर 'उगवण टिकते'. डोळ्यांत घालायचे थेंब — ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. आणि एक अर्धं लिंबू, ज्याला वाली कोणी नाही. बुलढाण्यात सत्तावीस वर्षं संसार केला आणि माझ्या वाट्याला आला भाजीचा खालचा कप्पा. इतिहासाने याची नोंद घ्यावी.

भांडं कशाला, ते लिहिते. दुपारी डोणगावहून मामाजींचा फोन. सासरे त्र्याऐंशी वर्षांचे, पण फोनवर अजून शेताच्या धुऱ्यावरून हाक मारल्यासारखे बोलतात. "कुमुद, आखाजीले साऱ्या पोरी येऊन राह्यल्या. थराचं पाह्यजे. पुष्पा नाही म्हणते. तू कर."

तू कर! अक्षय्य तृतीयेला, चाळीस माणसांचं!

हो म्हणून बसले.

थराचं म्हणजे खाली बिस्किटाचा चुरा, त्यावर गोड केलेला चक्का आणि क्रीम, त्यावर अननस, पुन्हा चुरा, पुन्हा चक्का, वर आंब्याच्या फोडी. चूल पेटवायची नाही, भट्टी लागत नाही. फ्रीजमध्ये बसलं की सुरीने वड्या पडतात. मामाजींची कवळी तोंडापेक्षा खिशात जास्त असते, त्यामुळे जगात हे एकच पक्वान्न त्यांना मान्य आहे. करणारीही एकच — पुष्पाताई, माझी मोठी जाऊ. तीन वर्षांपासून तिने करणं सोडलं.

कारण मी.

१३ एप्रिल

कालचे शेवटचे दोन शब्द आज वाचून खोडावेसे वाटले. नाही खोडले.

झालं असं. तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला पुष्पाताईचं थराचं कडू झालं. चक्क कडू! पंगतीत चाळीस तोंडं वाकडी. मी साप्ताहिकात दर रविवारी 'चिमटा' लिहिते, आणि त्या आठवड्यात विषय नव्हता. लिहिलं — "आमच्या जाऊबाईंच्या पुडिंगला सात थर होते. सहा कशाचे ते कळलं नाही. सातवा कारल्याचा असावा." जिल्हाभर हशा. अनोळखी माणसं बसस्टँडवर थांबवून हात जोडायची. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू.

डोणगावात बायांनी पुष्पाताईचं नाव पाडलं — कडूबाई. बचतगटाच्या बैठकीत, लग्नात, हळदीकुंकवाला. "कडूबाई आल्या का?" तेव्हापासून तिने पंगतीच्या गोडाला हात लावला नाही आणि माझ्याशी ती मोजून दोन वाक्यं बोलते. "चहा घे." "झाला का घेऊन?" मी सगळ्यांना सांगत आले — तिला विनोद कळत नाही.

आज कृती विचारायला फोन केला. म्हणाली, "तू लिहिणारी बाई. लिवून घे कुठूनबी." ठेवलाच.

ठीक. करून दाखवते.

१५ एप्रिल

सात बाटल्या हद्दपार. शेखर म्हणाला, "उन्हाळ्यात माणसानं काय प्यावं?" म्हटलं, माठ आहे. मेथीचं बी त्याच्या कपाटात, शर्टांच्या घडीत ठेवलं. उगवलं तर भाजी करीन.

१६ एप्रिल, बुधवार

पहिला प्रयत्न. चक्का कालपासून फडक्यात बांधून नळाला टांगलेला. मारी बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने चुरली, तुपात कालवली, वाटीच्या बुडाने दाबून बसवली. ताजं अननस बारीक चिरून घातलं. सगळ्यात वर बदाम आंबा. सकाळी करून ठेवलं ते संध्याकाळी काढलं. असं देखणं झालं की चाखायला चमचा उचलला — आणि हात हवेतच राहिला.

आंबा!

आमच्यात आखाजीच्या आधी आंबा तोंडात घालत नाहीत. आधी पितरांच्या घागरीपुढे ठेवायचा, मग जिवंतांनी खायचा. मी एकवीस वर्षं चिमटे काढते आहे. बुवा, मुहूर्त, लिंबू-मिरची, कोणाला सोडलं नाही. पण चमचा काही वर जाईना! शेखरला म्हटलं, तू तरी खा. "मी? ती आई पाहून राह्यली ना!" भिंतीवरचा फोटो. सासूबाई फोटोतूनही माझ्याकडेच पाहतात. या घरात देवाला कोणी जुमानत नाही, पितरांना मात्र सगळे भितात.

म्हणजे चाळीस माणसांचं पक्वान्न — न चाखता.

शेवटी मागच्या भिंतीवरून खुर्शीदाला हाक मारली. शेजारीण, शिवणकाम करते, माझं प्रत्येक ब्लाउज तिच्या हातचं. तिला आंब्याची आडकाठी नाही. चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. उघडले.

"दीदी, बुरा नोका मानू. हे तं कडू हाये."

"आंबा आंबट निघाला असेल."

"आंबट काय मले समजत नाही का? कडू म्हणतो मी. गोळी चघळल्यावानी."

१८ एप्रिल

क्रीम जुनं असेल म्हणून नवं आणलं. दही बदललं. आंबा बदलला. पुन्हा सगळं. खुर्शीदाने भिंतीपलीकडूनच विचारलं, "मीच काऊन?" तरी आली बिचारी. "कडू. अन् आता पाणीबी सुटलं." मग हळूच — "तुम्ही लिवता तेच बरं, दीदी."

हसले नाही. दुसऱ्याच्या विनोदावर हसणं जड जातं, हे आज कळलं.

सोडणार नाही मात्र.

२० एप्रिल

अक्कल उशिरा येते, पण येते. आज आंबा घातलाच नाही! एका वाटीत नुसतं बिस्किट आणि चक्का-क्रीम. दुसरीत तेच, अननस घालून. दुपारभर फ्रीजमध्ये. चार वाजता चाखलं, माझ्याच जिभेने. पहिली वाटी गोड. दुसरी — निंबोळी.

अननस!

खुर्शीदाला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "कच्चंच टाकलं? अहो, शक्करमधी उकळा लागते ते. नाही तं टिनचं घ्या. कच्चं अननस अन् दूध-दह्याचं जमतच नाही. आमच्यात शादीचं फ्रूट सलाड करते त्या पोट्ट्यायलेबी मालूम हाये!"

दोघी हसलो. मी हसत हसत घरी आले, पंखा लावला, खुर्चीत बसले. आणि हसू गेलं.

त्या वर्षी अननस मी नेलं होतं.

पुष्पाताईने फोनवर सांगितलं होतं, "येतानी टिनचा डबा आणजो, इथं भेटत नाही." मी ताजं नेलं. इथूनच चिरून, स्टीलच्या डब्यात. तिने झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं — शब्द न् शब्द आठवतो — "हे चालते का पण?" मी आजूबाजूच्या बायांकडे बघत म्हटलं, "घ्या! टिनमधलं शिळं चालतं, आणि ताज्याला चालतं का म्हणून विचारतात!" सगळ्या हसल्या. तिने डबा माझ्याच हातात दिला. थरावर पसरलंही मीच.

आणि रविवारी लिहिलंही मीच.

२१ एप्रिल

काही लिहावंसं वाटत नाही.

२४ एप्रिल

अननस साखरेत उकळलं, गार केलं, चाळणीत निथळलं, मग थर लावले. खुर्शीदाने एक वाटी संपवली आणि दुसरी पुढे केली. "आता बनवा चाळीस लोकायचं."

पदार्थ जमला. उरलेलं काम जास्त अवघड. दोन दिवस मनात जुळवाजुळव चालली आहे — पुष्पाताईला स्वयंपाकघरात गाठावं, हात धरावा, हळूच माफी मागावी. सोयीचं आहे. हसं चव्हाट्यावर, माफी कोनाड्यात! दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मीच त्यावर लिहिलं असतं.

पंगतीतच सांगायचं. ठरलं.

२६ एप्रिल

पंगतीत नको असं वाटतंय.

२७ एप्रिल

पंगतीतच.

२९ एप्रिल, मंगळवार. डोणगाव

चक्का, बिस्किटं, उकळलेलं अननस, आंबे — गाडीत एवढं सामान की शेखर म्हणाला, "मले मागून एसटीनं येऊ दे." उन्हात अडीच तास. चक्क्याचा डबा बर्फाच्या खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर.

पुष्पाताईने दारात पाणी दिलं. "चहा घे." मी स्वयंपाकघरात गेले तर तिच्या फ्रीजचे मधले दोन कप्पे पुसून रिकामे करून ठेवलेले. कोणी सांगितलं नव्हतं. मी दोन मोठ्या ट्रेमध्ये थर लावायला बसले. ती कुरडया तळायची तयारी करत पाठमोरी. माझ्याकडे पाहिलं असं वाटलंही नाही. तरी मध्येच म्हणाली —

"बिस्कुट कमी दाबलं. वडी तुटन."

समोरासमोर, तीन वर्षांतलं तिसरं वाक्य! मी पुन्हा दाबलं. खरंच कमी दाबलं होतं.

३० एप्रिल, आखाजी

घागरी भरल्या, वर खरबूज ठेवलं, आंबा ठेवला, नैवेद्य झाला. बारा वाजता पंगत बसली. पुरणपोळी, आमरस, कुरडया. मग मी ट्रे बाहेर आणला. वड्या सरळ पडल्या. एकही तुटली नाही. मामाजींनी कवळी काढून खिशात टाकली — हा त्यांचा मान.

तेवढ्यात गुलाबराव भाऊजी — पुष्पाताईचा सख्खा नवरा! — मोठ्याने म्हणाले, "पाह्यजा बरं, कडू तं नाही ना? कडूबाईच्या फ्रीजात होतं म्हणून इचारलं!"

पंगत हसली. पुष्पाताई पोळ्यांची टोपली घेऊन उभी होती. तिने फक्त टोपली या हातातून त्या हातात घेतली.

मी ट्रे खाली ठेवला. एकवीस वर्षं जिल्ह्याला बोल लावणारी बाई, आणि चाळीस नातेवाइकांपुढे एक वाक्य मनात दोनदा जुळवावं लागलं!

म्हटलं, "भाऊजी, त्या साली अननस मी आणलं होतं. ताईंनी टिनचं सांगितलं होतं, मी कच्चं आणलं. त्यांनी चालते का म्हणून विचारलं, तर मीच त्यांना हसले. पसरलं मी, कडू माझ्यानं झालं. आणि पेपरात हसं त्यांचं केलं, तेही मीच."

नणंदा पानात बघायला लागल्या. भाऊजी आमरसात पोळी बुडवत राहिले.

मामाजी म्हणाले, "झालं ना सांगून? मंग अजून एक वाढ."

भांडी आवरताना स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. ती म्हणाली, "मले ठाऊक होतं. अननसच होतं म्हणून."

"मग बोलल्या काऊन नाही, ताई?"

"कोणाले सांगू? तुह्यं छापून आलतं. माह्यं नुसतं तोंडी." ट्रे घासत होती, थांबली नाही. "आजबी तू चाळीस माणसायत बोलली. हासले होते किती गावं?"

मी तिच्या हातातला ट्रे घेऊन विसळला.

२ मे, शुक्रवार

या रविवारचा 'चिमटा' पाठवला. सगळा मिळून एवढाच —

"तीन वर्षांपूर्वी याच जागी मी डोणगावच्या एका पुडिंगला हसले होते. त्यातलं कच्चं अननस मी नेलं होतं. टिनचं आणायला सांगितलेलं असताना नेलं होतं. करणाऱ्या बाईंना शंका आली होती. ती मी चारचौघींत थट्टेवारी नेली. त्यामुळे ते कडू झालं. पुष्पाताईंच्या हातात काही खोट नव्हती. खोट मी लिहिली."

संपादकांचा फोन. "मॅडम, यात चिमटा कुठे आहे? लोकांना हसायला लागतं."

"या वेळी नाही."

"निदान शेवटी एखादी कोटी?"

"नाही. आणि जागा तीच द्या. आकारही तोच. उरलेलं कोरं सोडा."

कोरं सोडायला तयार नव्हते. कुलरची जाहिरात टाकतो म्हणाले. टाका म्हटलं.

५ मे, सोमवार

पुष्पाताईचा फोन. तिने केलेला! "वाचलं. बचतगटात उभं राहून वाचून दाखवलं मी. दोनदा." मग — "कुमुद, एक सांगू? त्या दिवशी वाढायच्या आधी चाखलं होतं मी. कडू लागलतं. फेकून देता आलं असतं. पण म्हटलं, वाढतोच. अननस तिचं, फजिती तिची. लय हासते ना, जिरू दे जराशी! पंगतीत सांगायचा मोका पाहत होती मी, तं तू त्या रविवारीच छापून मोकळी झाली!"

आणि हसायला लागली. मग मी. खुर्शीदा भिंतीवरून बघायला आली, काय झालं म्हणून.

एकवीस वर्षांत असा विषय हाती लागला नाही. फोन ठेवायच्या आत पहिलं वाक्य डोक्यात तयार होतं, आणि फार चांगलं होतं. इथेसुद्धा लिहीत नाही.

या रविवारसाठी पाण्याच्या टँकरवर लिहून पाठवलं.