वाढीव भाड्यात काय काय मिळालं

डरहॅम,
एप्रिलचा शेवटचा रविवार, चर्चहून आल्यावर

चि. विल्फ्रेड यास एनिडताईचे अनेक आशीर्वाद.

(अडुसष्टाव्या वर्षी कुणी चिरंजीव म्हटलेलं तुला खपत नाही हे मला ठाऊक आहे. पण तू माझ्या पाठचा आहेस, त्याला माझा इलाज नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मलम गुडघ्याला लावतोस ना, की नळीवरचा मजकूर वाचून त्या कंपनीशी भांडत बसतोस? मांजर बरी आहे का? इकडे मी ठणठणीत आहे. छतावरचं एक कौल वाऱ्यानं उडालं, ते शेजाऱ्याच्या गुलाबात सापडलं, आणि शेजारी ते परत द्यायला आला तेव्हा त्यानंच माझी माफी मागितली. एकूण सगळं ठीक चाललंय.

तुझं पत्र पोचलं. चार पानांपैकी साडेतीन रेल्वेच्या भाडेवाढीवर आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात तू लिहितोस की या भाड्यात आता आगगाडीत पाय ठेवणार नाहीस, आणि म्हणून मी बोलावलं असलं तरी जूनमध्ये येणं जमायचं नाही. तेवढ्या पैशात माणूस स्पेनला जाऊन येतो, असंही लिहिलंयस. जात असेल. स्पेनला आपलं कोण बसलंय? तुझे डोळे अधू झाल्यापासून तू गाडी चालवत नाहीस, बसमध्ये तुला मळमळतं, आणि टाँटनपासून डरहॅमपर्यंत चालत येण्याचं तुझं वय राहिलेलं नाही. म्हणजे तू आगगाडीनं येणार किंवा येणार नाहीस, एवढाच प्रश्न आहे. आणि जूनमध्ये तू यायलाच हवंस. का, ते नंतर सांगते. आधी भाड्याचा मोबदला मिळतो की नाही ते बघू, कारण तुझ्या वाढदिवसाहून मी परत आले ती बरोबर त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात भाडी वाढली. या विषयावर बोलायचा अधिकार माझ्याइतका कुणाला नसेल.

त्या दिवशी तू मला पोचवायला स्टेशनवर आला होतास. माझी बॅग तुझ्या हातात होती, पण लक्ष सगळं त्या फलाटावरच्या गणवेशातल्या बाईकडे होतं. आपल्या लहानपणी भाडं काय होतं, आज काय आहे, मध्ये कोणी किती खाल्लं, हे तू तिला ऐकवत होतास. (ती मान डोलावत होती. मागून मला कळलं की ती रेल्वेची नव्हतीच, समोरच्या बेकरीतली होती.) गाडी आली, तू बॅग आत टाकलीस, मला मागून ढकललंस, आणि दार लागेपर्यंत तुझं बोलणं चालूच होतं. मी आतून हात हलवला. तू बेकरीवालीकडे बघत होतास.

आता माझ्याकडे खिडकीची राखीव जागा होती, बेचाळीस नंबर. मी हळूहळू तिथवर गेले, तर बेचाळीसवर एक गृहस्थ बसलेले. पांढरे केस, चांगल्या लोकरीचा कोट, मांडीवर भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. वरचे आरक्षणाचे दिवे त्या दिवशी बंद होते, त्यामुळे कोण कुठला हे कळायला मार्ग नव्हता. मग मी जे करायचं असतं ते सगळं केलं. तिकिटाकडे पाहिलं, नंबराकडे पाहिलं, पुन्हा तिकिटाकडे पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. खोकले. ‘असो’ असं स्वतःशीच, पण बऱ्यापैकी मोठ्यानं म्हटलं. याहून जास्त काय करायचं राहिलं होतं? तोंड उघडून माणसाला ‘उठा’ म्हणायचं? आपल्या आईनं आपल्याला तसं वाढवलेलं नाही. गृहस्थांनी मान खिडकीकडे वळवली आणि बाहेरचं सॉमरसेट असं निरखायला लागले की जणू ते विकत घ्यायचंय.

मी उभी राहिले. ब्रिस्टल गेलं, चेल्टनम गेलं, बर्मिंगहॅमला आणखी माणसं चढली. गाडी गच्च भरली होती आणि डब्यात चकार शब्द नव्हता. इथं तू म्हणशील, बघ, वाढीव भाडं भरून म्हातारी उभी! थांब. उभं राहिल्यानं मला दोन्ही बाजूंच्या खिडक्या मिळाल्या. बसलेल्याला एकच मिळते. शिवाय अन्यायाची एक ऊब असते, विल्फ्रेड, ती तुला मी समजावून सांगायला नको.

डर्बी सोडल्यावर गार्ड तिकिटं तपासायला आला. माझं तिकीट बघितलं, त्या गृहस्थांचं बघितलं, पुन्हा माझं बघितलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं, आला न्याय. तेवढ्यात त्या गृहस्थांनी मध्येच त्याला विचारलं की शेफील्डला पाऊस आहे का हो? गार्डनं त्यांच्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, ‘थोडासा’ म्हणाला आणि पुढे गेला. मी मनात म्हटलं, काय बेरकी माणूस आहे.

आणि मग चेस्टरफील्डच्या अलीकडे गाडी थांबली. चर्चचा तो वाकडा कळस खिडकीत दिसत होता, म्हणजे स्टेशन अगदी हाताशी होतं, पण गाडी हलेना. थोड्या वेळानं गार्डचा आवाज आला. रुळांवर हंस बसला आहे. रेल्वे मनापासून दिलगीर आहे. मग पुन्हा आवाज: हंस अजून बसलेला आहे. हंस म्हणजे थेट राजाच्या मालकीचा, त्याला हात कोण लावणार? लावण्याचा अधिकार असलेला माणूस दुसऱ्या गावाहून निघाला होता आणि तो (हे गार्डनं अतिशय जड आवाजात सांगितलं) आगगाडीनंच येत होता. आपल्याच गाडीच्या मागच्या गाडीनं.

तू हसशील, पण मला त्या गार्डचं फार कौतुक वाटलं. दर थोड्या वेळानं तो आमची माफी मागत होता. हंस त्यानं बसवला नव्हता, भाडं त्यानं वाढवलं नव्हतं, तरी प्रत्येक वेळी आवाजात खरं दुःख. आमच्या बेसिलनं (देव त्याला शांती देवो) चाळीस वर्षांच्या संसारात माझी दोनदा माफी मागितली, त्यातली एकदा तर चुकून, समोर दुसरीच बाई आहे असं वाटून. इथं एका दुपारी मला जन्माची माफी मिळाली. तिकिटात ती धरलेली असते, वेगळे पैसे पडत नाहीत.

आणि हंसाची दुसरी गंमत अशी, की डबा बोलायला लागला. तुला माहीत आहे आपली माणसं, एकाच डब्यातून वीस वर्षं कामाला जातील आणि एकमेकांचं नाव विचारणार नाहीत. पण काहीतरी बिघडायची खोटी, की घरचं लग्न असल्यासारखी वागायला लागतात. समोर एक डर्बीची बाई स्वेटर विणत होती, तिनं तिच्या दिराला हंसानं कसं तलावात पाडलं ते सांगितलं. चहाची गाडी आली, आणि चहा फुकट! शिवाय लोण्याची बिस्किटं. (एक मी तुझ्यासाठी पर्समध्ये ठेवलं होतं. मागाहून खाल्लं.) कॉम्प्युटरवर सबंध वेळ रागारागानं काहीतरी बडवणारा एक जाडा इसम, त्या गृहस्थांच्या शेजारचा, हंस बघायला म्हणून पुढच्या डब्यात गेला तो परत आलाच नाही. त्याला तिथं जास्त चांगली कंपनी मिळाली असावी.

या गडबडीत ते गृहस्थ एकदम उठून उभे राहिले. कान लाल झालेले.

“माफ करा बाई,” ते म्हणाले, “ही जागा तुमची आहे. मी मघाशीच उठायला हवं होतं, पण ब्रिस्टल गेल्यावर उठलो असतो तर आधी का नाही उठलो, हे सांगावं लागलं असतं.”

मी म्हटलं, छे छे, माझी कुठली? (टाँटनपासून मी दुसरा कसलाही विचार केलेला नव्हता.) ते म्हणाले, बसा. मी म्हटलं, तुमच्याकडे खोका आहे, तुम्ही बसा. ते म्हणाले, बाई उभी असताना मी कसा बसू? मी म्हटलं, मला उभं राहायला आवडतं. शेवटी आम्ही दोघंही वाटेत उभे आणि खोका बेचाळीस नंबरवर, खिडकीपाशी, ऐटीत. शेजारची जाड्याची जागाही रिकामी. सगळा डबा बघत होता.

“एकजण तरी बसा हो,” विणणारी बाई म्हणाली. “माझे टाके चुकायला लागलेत.”

तेव्हा बसलो. मी खिडकीशी, ते शेजारी, आणि खोका दोघांच्या मांड्यांवर अर्धा-अर्धा, कारण त्यात लीकची रोपं होती. लीक म्हणजे तुझ्या दृष्टीनं सूपमध्ये घालायची भाजी, कांद्याच्या पातीची थोरली बहीण. पण इकडच्या भाज्यांच्या प्रदर्शनात त्याच लीकच्या बक्षिसासाठी सख्खे भाऊ बोलायचे थांबतात हे तू विसरला नसशील. श्री. अँब्रोज हेडली (हे त्यांचं नाव) इतक्या लांब जाऊन एका जुन्या दोस्ताकडून ती रोपं घेऊन आले होते आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून दिवसभर चहासुद्धा प्यायले नव्हते. मी खोका धरला, मग ते चहा प्यायले. हंस संध्याकाळकडे आपल्या मर्जीनं उठून गेला. अधिकारी माणूस पोचायच्या आधीच. गाडी हलली तेव्हा, खरं सांगते, मला थोडं वाईट वाटलं.

तर आता तूच हिशेब मांड. साधं तिकीट काढलेल्या बाईला दुप्पट वेळाचा प्रवास मिळाला, दोन्हीकडच्या खिडक्या, राजाचा हंस, चहा, बिस्किटं, अगणित माफ्या आणि अर्धा खोका लीक. स्पेनचं विमान यातलं काय देतं? वेळेवर पोचवतं. तेवढंच ना? भाडं वाढलं ते चांगलं झालं असं मी म्हणत नाही; वाढवणाऱ्यांना माझ्याही मनात मी नावं ठेवलीत. पण ते पैसे कशाचे घेतात हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नाही, नाहीतर त्यांनी याहून जास्त घेतले असते.

तेव्हा हट्ट सोड आणि ये. श्री. हेडली यांचा या पत्राशी तसा काही संबंध नाही, ओघात आले म्हणून लिहिलं. गुडघ्याला जप. मांजरीला माझ्याकडून थोपट.

तुझी,
एनिडताई

ता.क. तसा थोडा संबंध आहे. ते चेस्टर-ल-स्ट्रीटला राहतात. तिथून डरहॅम म्हणजे एक स्टेशन, पण भाडं त्याचंही वाढलंय, आणि तरी दर शनिवारी येतात. तुझ्यासारखं एकदाही कुरकुरले नाहीत. जूनच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही लग्न करतोय. चर्चमध्ये मला हाताला धरून आत नेणारं कुणीतरी लागतं. पहिल्या वेळी बाबांनी नेलं होतं. आता त्या जागेवर बसवायला माझ्याकडे तू एकटाच आहेस रे. तू आला नाहीस तर मी एकटी चालत जाईन, मला चालता येतं. पण मला ते नको आहे.

ता.क. पुन्हा. लिहिणार नव्हते, पण तू अजून नाहीच म्हणत असशील, म्हणून लिहिते. डरहॅमला उतरल्यावर श्री. हेडली माझी बॅग काढत होते तेव्हा मी सहज वळून डब्याकडे पाहिलं. दारावर हा एवढा मोठा ‘सी’. माझं तिकीट ‘डी’चं. म्हणजे माझी बेचाळीस नंबरची जागा शेजारच्या डब्यात दिवसभर माझ्याविना येत होती, आणि ही बेचाळीस त्यांची स्वतःची होती. गार्डला तेच सांगायचं होतं आणि यांनी त्याला पावसाचं विचारून गप्प केलं. स्वतःच्या जागेवर बसल्याबद्दल हा माणूस माझी माफी मागत होता! मी दाराकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. तर म्हणाले, “वारा सुटलाय, नाही का?” मी म्हटलं, हो, जरा सुटलाय. त्यानंतर आजतागायत त्यावर आमच्यात एक अवाक्षर नाही, आणि लग्नानंतरही निघणार नाही. मला चुकीच्या डब्यात कोणी ढकललं ते तुझं तूच आठव. भाडेवाढीवर तोंडसुख घेण्याच्या नादात तू बहिणीचं लग्न जमवलंयस. आता येऊन ते पार पाड.

ता.क. शेवटचं. सोबत तुझं तिकीट ठेवलं आहे, जायचं-यायचं. भाडं किती पडलं ते विचारायचं नाही. जागा राखीव आहे, खिडकीची. तुझ्या मिल्ड्रेडला जाऊन आता सहा वर्षं झाली, विल्फ्रेड. डबा नीट बघून चढ. किंवा नकोच बघूस.